अवकाशस्पर्धेच्या आठवणी कशा विचाराव्यात, पडताळाव्यात आणि लिहून ठेवाव्यात

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरता केला, त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. त्या वेळी जे तरुण होते, ज्यांना त्या बातमीचा राजकीय अर्थ तेव्हाच्या तेव्हा कळला होता, त्यांच्यातील फारच थोडे आता हयात आहेत. त्यामुळे आपल्या घरात, नात्यात किंवा परिचयात स्पुटनिक, गागारिन किंवा चांद्रावतरण यांची स्वतःची आठवण असलेली कोणी व्यक्ती असेल, तर ती आठवण नोंदवून घेण्याचे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. हे काम कसे करावे, याविषयी मी अनेक वर्षांच्या मुलाखतींतून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. अशा आठवणी गोळा करताना दोन टोकांच्या चुका होतात. काही जण सांगणाऱ्याचा प्रत्येक शब्द इतिहास म्हणून उतरवून घेतात, तर काही जण एखादी तारीख चुकली की सगळी आठवणच निकामी ठरवतात. माझे मत असे आहे की आठवण जशी सांगितली गेली तशीच जपावी, तिच्या शेजारी कागदोपत्री नोंद ठेवावी, आणि त्या दोहोंत जिथे अंतर पडते तिथे थांबून विचार करावा. अवकाशस्पर्धेच्या बाबतीत हे अंतर विशेष बोलके असते, कारण त्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही महासत्तांनी लोकांना काही गोष्टी मोठ्या आवाजात सांगितल्या आणि काही गोष्टी काळजीपूर्वक लपवल्या.

मुलाखतीपूर्वी स्वतःची तयारी

प्रथम एका कागदावर घटनाक्रम मांडावा. तो फार लांबलचक असण्याची गरज नाही. स्पुटनिकनंतर ३ नोव्हेंबर १९५७ रोजी लायका या कुत्रीसह गेलेला दुसरा स्पुटनिक. ६ डिसेंबर १९५७ रोजी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर प्रक्षेपणमंचावरच कोसळून पेटलेले अमेरिकेचे व्हॅनगार्ड हे प्रक्षेपण यान. ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री यशस्वी झालेला एक्सप्लोरर १ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह. १ ऑक्टोबर १९५८ रोजी कामाला लागलेली नासा. १२ एप्रिल १९६१ रोजी अवकाशात जाणारे पहिले मानव युरी गागारिन यांचे उड्डाण. २५ मे १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, मांडलेले चंद्रावर माणूस उतरवण्याचे उद्दिष्ट. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांची पृथ्वीप्रदक्षिणा. जून १९६३ मध्ये अवकाशात गेलेली पहिली स्त्री, वालेंतिना तेरेश्कोवा. मार्च १९६५ मध्ये यानाबाहेर पडलेले अलेक्सेई लिओनोव्ह. आणि जुलै १९६९ मधील, चंद्रावर माणूस उतरवणारे अपोलो ११. एवढा सांगाडा बहुतेक मुलाखतींना पुरतो.

प्रत्येक घटनेपुढे जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवावी, आणि सांगणारी व्यक्ती त्या वेळी जिथे राहत होती तिथली स्थानिक वेळही लिहावी. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये. नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रावर पडले ते जागतिक प्रमाणवेळेनुसार २१ जुलै १९६९ च्या पहाटे २ वाजून ५६ मिनिटांनी. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये २० जुलैच्या रात्रीचे अकरा वाजत आले होते आणि मॉस्कोत २१ तारखेची सकाळ होऊ घातली होती. कोणी म्हणाले की ‘वीस तारखेला रात्री’ आणि कोणी म्हणाले की ‘एकवीसला पहाटे’, तर दोघेही खरे बोलत असू शकतात.

हा कागद मुलाखतीला जाताना सोबत न्यावा, पण समोर उघडून ठेवू नये. वयस्कर माणसांना समोर छापील तारखा दिसल्या की ती परीक्षेला बसल्यासारखी बोलू लागतात आणि आपल्या आठवणीऐवजी कागदावरचे वाचून दाखवू लागतात.

पहिला प्रश्न शरीराच्या जवळचा असावा

‘अवकाशस्पर्धेबद्दल तुम्हांला काय वाटत होते?’ हा प्रश्न पहिल्या तासात कधीही विचारू नये. त्याचे उत्तर वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखे येते. त्याऐवजी ‘बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतात? उभ्या होतात की बसलेल्या? खोलीत आणखी कोण होते? रेडिओ कुठल्या बाजूला होता? बाहेर उजेड होता का?’ असे प्रश्न विचारावेत. जागा, उजेड, आवाज आणि सोबतची माणसे यांच्या आधाराने आठवण वर येते, आणि एकदा ती वर आली की मत आपोआप मागून येते.

स्पुटनिकच्या बाबतीत दोन आठवणी पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात, एक आवाजाची आणि एक दिसण्याची. आवाजाची आठवण आली की तो कसा ऐकला हे खोदून विचारावे. स्पुटनिकमध्ये २०.००५ आणि ४०.००२ मेगाहर्ट्झ अशा दोन कंपनसंख्यांवर संदेश सोडणारा केवळ एक वॉट शक्तीचा प्रक्षेपक होता, आणि त्याचा तो ठरावीक अंतराने येणारा ‘बीप’ जगभरच्या हौशी रेडिओचालकांनी स्वतःच्या यंत्रांवर पकडला होता. परंतु बहुसंख्य लोकांनी तो ऐकला तो बातमीपत्रांतून पुनःप्रक्षेपित झालेला. ‘मी स्वतः पकडला’ आणि ‘मी रेडिओवर ऐकला’ या दोन आठवणी साठ-पासष्ट वर्षांत एकमेकींत मिसळून जातात. यंत्र कोणते होते, आकाशतार कुठे बांधली होती, बटण फिरवत कोण बसले होते, आवाज किती मिनिटे टिकून मग विरला, असे विचारले की दोन्ही आठवणी वेगळ्या होऊ लागतात. उपग्रहाची एक प्रदक्षिणा सुमारे ९६ मिनिटांची होती, त्यामुळे ज्याने खरोखर स्वतः ऐकला त्याला आवाज येऊन जाण्याची आणि पुन्हा वाट पाहण्याची आठवण असते. त्याच्या विद्युतघटांची शक्ती सुमारे तीन आठवड्यांत संपली, हेही लक्षात ठेवावे.

दिसण्याच्या आठवणीने मला एक मोठा धडा दिला. तो येथे तपशिलाने सांगतो. एका निवृत्त अभियंत्यांची मी मुलाखत घेत होतो. १९५७ मध्ये ते तेरा वर्षांचे होते. वडिलांनी त्यांना सूर्योदयापूर्वी उठवून गच्चीवर नेले होते, खांद्यावर स्वतःची शाल टाकली होती आणि क्षितिजावरून वर सरकणारा तेजस्वी ठिपका बोटाने दाखवला होता. ते सांगत असताना त्यांचा उजवा हात नकळत वर गेला आणि खोलीच्या छताला समांतर, अगदी संथ वेगाने, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरकला. मी त्याच क्षणी म्हणालो, ‘काका, तो स्पुटनिक नव्हता, त्याला कक्षेत नेणाऱ्या अग्निबाणाचा मधला भाग होता.’ माझे म्हणणे बरोबर होते. स्पुटनिकचा गोळा केवळ ५८ सेंटिमीटर व्यासाचा होता आणि नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम, तोही अतिशय काळोख्या आकाशात, दिसू शकला असता. त्याच्यामागोमाग कक्षेत फिरत असलेला आर-७ अग्निबाणाचा मधला टप्पा मात्र पुष्कळ मोठा होता आणि पहाटे किंवा सायंकाळी सूर्यप्रकाश परावर्तित करून ठळक ताऱ्यासारखा चमकत असे. जगभरच्या लोकांनी ‘स्पुटनिक’ म्हणून जो ठिपका पाहिला तो बहुतेक वेळा हाच होता. पण माझे वाक्य पूर्ण होताच त्यांचा हात खाली आला, ते ‘असेल, असेल’ म्हणाले, आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्यांनी एकही गोष्ट आपणहून सांगितली नाही.

तेव्हापासून मी नियम केला आहे की मुलाखत चालू असताना सांगणाऱ्याची चूक दुरुस्त करायची नाही. दुरुस्ती लेखनाच्या वेळी, शेजारच्या टिपेत करायची. शिवाय त्या अभियंत्यांच्या चुकीत एक सत्य दडलेले होते, ते मला त्या घाईत दिसले नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना दाखवलेली वस्तू म्हणजे आंतरखंडीय क्षेपणास्त्र म्हणून बांधलेल्या यंत्राचाच तुकडा होता. आर-७ ची निर्मिती अण्वस्त्र दुसऱ्या खंडापर्यंत वाहून नेण्यासाठी झाली होती, आणि अमेरिकेतील सेनाधिकारी व राजकारणी ज्या गोष्टीने हादरले ती ८३.६ किलोंचा बीप करणारा गोळा ही नव्हती. तो गोळा वर नेऊ शकणारे बळ सोव्हिएत संघाच्या हाती आले आहे, याने ते हादरले होते. मुलाने कौतुकाने पाहिलेला ठिपका आणि शासनकर्त्यांनी भीतीने पाहिलेला ठिपका एकच होता. हे मी त्यांना दुसऱ्या भेटीत सांगितले असते आणि ‘तुमच्या वडिलांच्या बोलण्यात भीती होती का?’ असे विचारले असते, तर पुढची गोष्ट आपोआप आली असती. ती संधी मी गमावली याची खंत मला आजही आहे.

ध्वनिमुद्रणाविषयी थोडेसे

साधा मोबाइल पुरतो. तो बोलणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवावा. पंखा बंद करता येत असेल तर करावा. आरंभी दिनांक, स्थळ, दोघांची नावे आणि ध्वनिमुद्रणास संमती असल्याचे वाक्य मोठ्याने उच्चारून घ्यावे. एका बैठकीत दीड तासाहून अधिक वेळ घेऊ नये. सांगणारी व्यक्ती थांबली तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. बहुधा त्या शांततेनंतरच खरे वाक्य येते.

पडताळणी: अंतराचे तीन प्रकार

घरी आल्यावर मुलाखत शब्दशः उतरवावी आणि मग प्रत्येक पडताळता येण्याजोग्या विधानाखाली रेघ ओढावी. नोंद आणि आठवण यांत अंतर दिसले की ते कोणत्या प्रकारचे आहे हे ठरवावे. माझ्या अनुभवात असे तीन प्रकार आढळतात, आणि त्यांना एकसारखी वागणूक देता येत नाही.

पहिला प्रकार साध्या घसरणीचा आहे. महिना चुकतो, दोन उड्डाणे एकमेकांत मिसळतात, दोन गर्द्या एक होतात. मॉस्कोत वाढलेल्या लोकांच्या आठवणींत १२ एप्रिल १९६१ रोजी उत्स्फूर्तपणे रस्त्यांवर आलेली गर्दी आणि १४ एप्रिलला गागारिन यांच्या अधिकृत स्वागतासाठी तांबड्या चौकात जमलेली गर्दी पुष्कळदा एकच होऊन बसते. अशा वेळी ‘फलक छापील होते की हाताने लिहिलेले?’ एवढा प्रश्न उपयोगी पडतो, कारण उत्स्फूर्त गर्दीजवळ छापील फलक असण्याची शक्यता कमी.

दुसरा प्रकार नंतर पाहिलेल्या चित्रांचा मूळ आठवणीवर चढलेल्या थराचा आहे. चांद्रावतरणाबाबत हा प्रकार सर्वाधिक आढळतो. अपोलो ११ च्या वेळी चंद्रपृष्ठावरून आलेले थेट दूरचित्रवाणीचे चित्र कृष्णधवल होते आणि धूसर होते. आज सर्वत्र दिसणारी स्वच्छ रंगीत छायाचित्रे फिल्म पृथ्वीवर परत आल्यानंतर प्रसिद्ध झाली. म्हणून कोणी ‘निळ्या-लाल रंगाचा झेंडा आम्ही थेट पाहिला’ असे सांगितले, तर त्या आठवणीत मागाहून पाहिलेले छायाचित्र मिसळले आहे असे समजावे. तसेच थेट प्रक्षेपण सर्व देशांत पोहोचले नव्हते. सोव्हिएत संघात ते थेट दाखवले गेले नाही, चीनमध्येही नाही. पुष्कळांनी ते दृश्य काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी चित्रपटगृहातील वार्तापटात पाहिले. ‘दूरचित्रवाणीवर पाहिले’ असे ऐकल्यावर तो संच कोणाचा होता, आजूबाजूला किती माणसे होती आणि तेव्हा किती वाजले होते, हे विचारून घ्यावे.

अशा चुका खोटेपणाच्या मानू नयेत. १९८६ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर या अवकाशयानाचा अपघात झाला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून त्यांना ती बातमी कुठे व कशी कळली हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतील काहींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जवळजवळ पाव विद्यार्थ्यांची दुसरी हकिगत पहिल्या हकिगतीशी मुळीच जुळली नाही, तरीही त्यांतील अनेकांना आपल्या आठवणीविषयी पक्की खात्री होती. तरुण माणसांचे अडीच वर्षांत असे होते, तर साठ वर्षांनंतर एखाद्या आजीचा तपशील हलला म्हणून तिच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही.

तिसरा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. यात सांगणाऱ्याची आठवण अगदी बिनचूक असते, चुकीची असते ती त्याला त्या वेळी दिली गेलेली माहिती. युरी गागारिन १०८ मिनिटांच्या उड्डाणानंतर व्होस्टोक यानातच बसून जमिनीवर उतरले, असे सोव्हिएत संघाने जाहीर केले आणि कित्येक वर्षे त्याच दाव्यावर भर दिला. प्रत्यक्षात ते सुमारे सात किलोमीटर उंचीवर यानातून बाहेर फेकले गेले आणि स्वतःच्या हवाई छत्रीने सारातोव्ह प्रांतात वेगळे उतरले. ही लपवाछपवी झाली, कारण वैमानिक यानासह उतरला नाही तर विक्रमाची आंतरराष्ट्रीय मान्यता अडचणीत येईल असे अधिकाऱ्यांना वाटत होते. लायकाचीही तीच कथा आहे. ती कक्षेत अनेक दिवस जगली आणि मग वेदनेविना मेली असे लोकांना सांगितले गेले. ती काही तासांतच अतिउष्णतेने मेली हे २००२ मध्ये उघड झाले. ज्या मुलांनी १९५७ मध्ये लायकासाठी रोज प्रार्थना केली, ती मुले आधीच मेलेल्या प्राण्यासाठी प्रार्थना करत होती. हे त्यांना मुलाखतीत सांगावे की नाही, हा निर्णय मी प्रत्येक वेळी माणूस पाहून घेतो, आणि सांगायचे ठरवले तर ध्वनिमुद्रण संपल्यावर सांगतो.

या तिसऱ्या प्रकारात काय धरायचे याची यादी मोठी आहे. प्रक्षेपणस्थळाचे नाव ‘बैकोनूर’ असे जाहीर झाले, ते मूळ त्या नावाच्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर, कझाकस्तानातील त्युरातामजवळ होते. सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे प्रमुख सर्गेई कोरोल्योव्ह यांचे नाव त्यांच्या हयातीत जनतेला कळू दिले गेले नाही. वृत्तांत केवळ ‘मुख्य संरचनाकार’ असा उल्लेख असे, आणि नाव उजेडात आले ते जानेवारी १९६६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर. स्टालिनच्या काळात याच माणसाला अटक होऊन अतिपूर्वेकडील कोलिमाच्या श्रमछावणीत पाठवले गेले होते. सोव्हिएत संघ चंद्राच्या शर्यतीत कधी नव्हताच, हे विधानही वीस वर्षे टिकवले गेले. एन-१ या प्रचंड अग्निबाणाची १९६९ ते १९७२ दरम्यानची चारही उड्डाणे अपयशी ठरली होती, हे ग्लासनोस्तच्या, म्हणजे सोव्हिएत शासनाच्या मोकळेपणाच्या धोरणाच्या काळात, १९८९ मध्ये, बाहेर आले. म्हणून कोणी ‘रशियाला चंद्रावर जायचेच नव्हते’ असे आजही ठामपणे सांगत असेल, तर ते वाक्य खोडू नये. ते कोणत्या वर्षी, कोणाकडून ऐकले, हे विचारावे. प्रचाराचा प्रवास असा कागदावर उतरतो.

वर्तमानपत्रे तपासताना घटनेचा दुसरा दिवस पाहून थांबू नये, तिसराही पाहावा. ५ ऑक्टोबर १९५७ च्या ‘प्रावदा’ या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात स्पुटनिकची बातमी पहिल्या पानावर होती, पण ती साधी, कोरडी अधिकृत निवेदनवजा होती; पाश्चात्त्य देशांत केवढी खळबळ उडाली हे कळल्यावर ६ तारखेच्या अंकात मोठ्या मथळ्यांचा जल्लोष झाला. आपल्या पराक्रमाचे राजकीय मोल सोव्हिएत नेतृत्वाला स्वतःलाही दुसऱ्याच्या भीतीतून कळले, हे या दोन अंकांच्या फरकातून दिसते. एखादी व्यक्ती ‘पहिल्या दिवशी कोणी फारसे बोललेच नाही’ असे म्हणाली, तर तिच्यावर अविश्वास दाखवण्याऐवजी हे दोन अंक आठवावेत.

राजकीय वारशाचे प्रश्न केव्हा आणि कसे विचारावेत

हे प्रश्न दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावेत आणि प्रत्येक प्रश्नात ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशा दोन वेगळ्या जागा ठेवाव्यात. ‘तेव्हा आपल्या घरात याला काय म्हणत असत?’ हा माझा आवडता प्रश्न आहे. ‘स्पर्धा’ हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण ९ ऑक्टोबर १९५७ च्या निवेदनात अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी अमेरिकेचा उपग्रह कार्यक्रम इतर राष्ट्रांशी शर्यत म्हणून चालवलेला नाही असे मुद्दाम म्हटले होते. कोणी विज्ञान म्हणे, कोणी युद्ध म्हणे, कोणी चमत्कार म्हणे. त्या घरात वापरला जाणारा शब्द सापडला की त्या घराचे राजकारण सापडते.

त्यानंतर भीतीविषयी विचारावे. अमेरिकेत १९६० ची निवडणूक ज्या ‘क्षेपणास्त्र-तफावती’च्या, म्हणजे सोव्हिएत संघ क्षेपणास्त्रांत पुढे गेल्याच्या, मुद्द्यावर तापली, ती तफावत वास्तवात उलट्या दिशेची होती, हेरगिरी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून १९६१ पर्यंत स्पष्ट झाले की सोव्हिएत संघाकडे अशी क्षेपणास्त्रे मोजकीच आहेत. तरीही त्या भीतीने कायदे झाले, पैसा वाहिला. २ सप्टेंबर १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणासाठी चार वर्षांकरिता सुमारे एक अब्ज डॉलरची तरतूद केली. ज्या व्यक्तीचे शिक्षण अशा कर्जावर किंवा शिष्यवृत्तीवर झाले, तिच्यासाठी स्पुटनिकचा वारसा हा भरलेली फी आणि मिळालेली नोकरी असा ठोस असतो. म्हणून ‘या घटनेमुळे आपल्या आयुष्यात काही बदलले का?’ असा सैल प्रश्न न विचारता ‘शाळेत कोणता नवा विषय आला? प्रयोगशाळेत काही नवे सामान आले का?’ असे विचारावे.

अभिमानाविषयी विचारताना अधिक सावध राहावे. आज प्रत्येकाला वाटते की १९६० च्या दशकात सारी अमेरिका चंद्राच्या मागे उभी होती. त्या दशकातील बहुतेक जनमत चाचण्यांत मात्र बहुसंख्य अमेरिकनांना हा खर्च योग्य वाटत नव्हता. अपोलो ११ च्या आसपासचा थोडा काळ याला अपवाद होता. १९६० च्या दशकाच्या मध्यात नासाचा वाटा संघीय खर्चाच्या चार टक्क्यांवर गेला होता, हे लक्षात घेतले की विरोध समजतो. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी नागरी हक्क चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनॅथी खेचरांच्या गाड्या आणि गरीब कुटुंबे घेऊन प्रक्षेपणस्थळाजवळ आले होते, आणि नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना उघड्या मैदानात भेटले होते. त्यामुळे ‘आपल्याला अभिमान वाटला असेल ना?’ असे उत्तर पुरवणारे प्रश्न विचारू नयेत. ‘आपल्या ओळखीत या खर्चाबद्दल कोणी तक्रार करत होते का?’ असे विचारले की ज्यांना तेव्हा राग आला होता त्यांनाही बोलायला वाट मिळते. नाझी जर्मनीतील मिटेलबाउ-डोरा छावणीत व्ही-२ हे युद्धात वापरले जाणारे अग्निबाण बनवताना हजारो कैदी मेले, आणि त्याच अग्निबाणाचे शिल्पकार वेर्नहेर फॉन ब्राउन पुढे अमेरिकेच्या चांद्रमोहिमेचे लोकप्रिय नायक झाले. त्या कैद्यांच्या कुटुंबीयांची अवकाशयुगाची आठवण टाळ्यांपासून सुरू होत नाही.

नेत्यांच्या हेतूंबद्दल सांगणारी व्यक्ती काही ठाम विधान करील तेव्हा ते नोंदवावे आणि शेजारी कागदपत्रे ठेवावीत. केनेडी यांचे नाव घेतल्याशिवाय ही मुलाखत सहसा पूर्ण होत नाही, आणि त्यांना बहुधा स्वप्नाळू म्हणून आठवले जाते. नोव्हेंबर १९६२ मधील, नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याबरोबरच्या बैठकीची ध्वनिफीत २००१ मध्ये खुली झाली. तीत केनेडी, आपल्याला अवकाशात तेवढा रस नाही, सोव्हिएत संघाच्या आधी पोहोचणे महत्त्वाचे आहे, अशा अर्थाचे बोलताना ऐकू येतात. त्याच केनेडींनी २० सप्टेंबर १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत चंद्रावर संयुक्त मोहीम काढण्याचा प्रस्ताव मांडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतली कोणती कोणाच्या लक्षात राहिली, हीच नोंदवण्याजोगी बाब आहे.

करारांविषयी लोकांच्या आठवणी फारच कमी असतात, आणि ही उणीव मला अस्वस्थ करते, कारण आज अवकाशात जे कायदे लागू आहेत त्यांचा पाया त्याच काळातला आहे. स्पुटनिक इतर देशांवरून बिनदिक्कत फिरत राहिला आणि कोणीही आक्षेप घेतला नाही, तेव्हाच उपग्रहांना सर्व देशांवरून जाण्याची मुभा व्यवहारात प्रस्थापित झाली. आयसेनहॉवर यांच्या शासनाला हे मनातून हवेच होते, कारण त्यांचे टेहळणी उपग्रह तयार होत होते. २७ जानेवारी १९६७ रोजी वॉशिंग्टन, लंडन आणि मॉस्को येथे बाह्य अवकाश करार सह्यांसाठी खुला झाला. त्याने कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर वा अन्य खगोलीय वस्तूंवर मालकी सांगण्यास आणि पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास मनाई केली. त्याच दिवशी संध्याकाळी केप केनेडी येथे अपोलो १ च्या चाचणीत आग लागून गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे मृत्युमुखी पडले. आगीची आठवण पुष्कळांना असते, कराराची जवळपास कोणालाच नसते. मी आगीविषयी ऐकून घेतो आणि मग ‘त्याच दिवसाची दुसरी काही बातमी आठवते का?’ असे विचारतो. आजवर एकाच व्यक्तीला ती आठवली, आणि ती व्यक्ती त्या काळी कायद्याची विद्यार्थिनी होती.

लेखन कसे करावे

पान उभे दुभागावे. डावीकडे निवेदन, सांगणाऱ्याच्या शब्दांत, बोलीसह, अडखळण्यासह, उजवीकडे टीप. उदाहरणार्थ, डावीकडे असे असेल: ‘गागारिन गोळ्यात बसूनच खाली आला. मी शाळेच्या वहीत त्याचे चित्र काढले होते, गोळ्याला खिडकी आणि खिडकीत तो हसतोय. बाईंनी ते भिंतीवर लावले.’ उजवीकडे असे लिहावे: ‘सोव्हिएत निवेदनात यानासह अवतरण असे सांगितले होते, प्रत्यक्षात गागारिन हवाई छत्रीने वेगळे उतरले. चित्र अधिकृत माहितीशी जुळते. चित्राची वही उपलब्ध नाही.’ टीप कोरडी आणि लहान ठेवावी. निवेदनातील भाषा सुधारू नये, ‘हसतोय’चे ‘हसत होता’ करू नये. तारीख चुकली असेल तर निवेदनात चुकलेलीच राहू द्यावी आणि बरोबर तारीख टिपेत द्यावी.

घरात वही, कात्रण, तिकीट, बिल्ला किंवा पत्र सापडले तर त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली तारीख मुलाखतीपेक्षा अधिक भरवशाची असू शकते. आपल्या संग्रहातील ध्वनिफितीच्या निदान तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. खुद्द नासाच्या अपोलो ११ च्या मूळ दूरमापन फितींचा, ज्यांत चंद्रावरून आलेले चित्र अधिक स्पष्ट होते, शोध लागला नाही. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाला. एवढ्या मोठ्या संस्थेचे असे झाले, तर आपल्या एका मोबाइलवरील एकमेव प्रतीचा काय भरवसा धरावा?

मजकूर पूर्ण झाला की त्याची मोठ्या अक्षरांत छापलेली प्रत सांगणाऱ्या व्यक्तीला नेऊन द्यावी, डावा रकाना तिच्यासमोर मोठ्याने वाचावा, आणि उजवा रकाना वाचून हवा आहे का हे विचारावे. काही जण नको म्हणतात. त्यांचा नकार मान्य करावा आणि तोही दिनांकासह नोंदवावा. वाचन चालू असताना ध्वनिमुद्रण सुरूच ठेवावे, कारण स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसे मध्येच थांबवतात आणि ‘नाही, शाल नंतर टाकली, आधी वडिलांनी मला उचलून घेतले होते’ असे म्हणतात.